कुमार टेनिसपटूची वाटचाल : श्रीरामपूर ते हांगझोऊ

जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव. संत्र्यांच्या बागांचा आणि कापसाचा हा मुलूख मध्य प्रदेशात मोडत असला, तरी येथील घराघरांत मराठी बोलली जाते आणि नागपूर हे येथून लोहमार्गावरचे जवळचे मोठे शहर आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या दोन गावांमध्ये नदीच्या पात्रात होणारी गोटमार सर्वदूर परिचित आहे. त्या दिवशी दगड भिरकावणाऱ्या तरुणांच्या खांद्यांतील बळ व नजरेतील नेम पाहिला, की होणाऱ्या दुखापतींबद्दल हळहळ वाटते. आणि हेच बळ एखाद्या खेळाच्या मैदानावर उतरले तर काय होईल, असा विचारही मनात येऊन जातो.

कबड्डी, कुस्ती, खो-खो हे खेळ अशा गावांच्या अंगवळणी पडलेले आहेत. टेनिस मात्र दूरचा, शहरी आणि खर्चिक खेळ समजला जातो. ही समजूत निराधार नाही. तरीही तालुक्याच्या गावांतून टेनिसपटू घडलेच नाहीत, असेही नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या प्रार्थना ठोंबरे हिने २०१४ साली इंचॉन येथील आशियाई क्रीडास्पर्धेत सानिया मिर्झासमवेत महिला दुहेरीचे कांस्यपदक मिळविले आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसले हिने २०२३ साली आशियाई सुवर्णपदक पटकाविले. अशा खेळाडूचा कुमार वयातील प्रवास कसा होतो, त्यात कोणकोणते टप्पे येतात आणि कोठे पाऊल जपून टाकावे लागते, हे ऋतुजाच्या उदाहरणावरून समजून घेणे उद्बोधक ठरेल.

प्रारंभ : चेंडूचा रंग आणि मैदानाची लांबी

ऋतुजा संपतराव भोसले हिचा जन्म २७ मार्च १९९६ रोजी झाला. वडील पोलीस सेवेत. टेनिसची परंपरा सांगणाऱ्या मोठ्या शहरातील नामांकित क्लबांच्या वातावरणात तिचा जन्म झाला नव्हता. लहानपणी हाती आलेली रॅकेट पुढे तिच्या आयुष्याची दिशा ठरविणारी ठरली आणि पुणे हे तिच्या खेळाचे केंद्र झाले.

टेनिसचे पूर्ण मैदान २३.७७ मीटर लांब असते. एकेरीसाठी त्याची रुंदी ८.२३ मीटर, तर दुहेरीसाठी १०.९७ मीटर धरली जाते. जाळीची उंची मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर असते. सहासात वर्षांच्या मुलास एवढ्या मैदानावर उभे केले, तर चेंडू त्याच्या डोक्यावरून उसळून जातो आणि खेळाची गोडी लागण्याआधीच तो कंटाळतो. म्हणून आता लहान मुलांसाठी वेगळी पद्धत रूढ झाली आहे. आरंभी लाल चेंडू दिला जातो. तो नेहमीच्या पिवळ्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के संथ असतो आणि त्यासाठीचे मैदान पूर्ण मैदानाच्या निम्म्याहूनही लहान असते. त्यानंतर सुमारे १८ मीटरच्या मैदानावर नारिंगी चेंडू येतो. तो ५० टक्के संथ असतो. शेवटी पूर्ण मैदानावर हिरवा चेंडू येतो; तो २५ टक्के संथ असतो. दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत पिवळा चेंडू वापरू नये, असा नियम आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून लागू केला. रॅकेटही वयानुसार १९ इंचांपासून वाढत जाऊन प्रौढांच्या २७ इंचांपर्यंत पोहोचते.

या पद्धतीचा एक लाभ असा, की आरंभीच्या शिक्षणासाठी पूर्ण मैदानाची गरज उरत नाही. शाळेच्या पटांगणात चुन्याच्या रेघा ओढून आणि दोन खांबांना जाळी बांधून लाल चेंडूचे मैदान तयार करता येते. अडचण सुरू होते ती त्यानंतर, जेव्हा मूल या मैदानाला पुरून उरते.

क्रमवारीची शिडी

भारतात कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धा अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या आधिपत्याखाली होतात. ही संघटना १९२० साली स्थापन झाली. बारा, चौदा, सोळा आणि अठरा वर्षांखालील असे चार गट असतात. या स्पर्धांतील यशानुसार खेळाडूस गुण मिळतात आणि त्या गुणांवरून राष्ट्रीय क्रमवारी ठरते. मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो की पात्रता फेरीतून यावे लागते, हे या क्रमवारीवर अवलंबून असते. म्हणजेच स्पर्धा खेळल्याशिवाय क्रमांक नाही आणि क्रमांकाशिवाय वरच्या स्पर्धेत प्रवेश नाही, असे हे चक्र आहे. कुटुंबाची खरी कसोटी येथे लागते. कारण हे चक्र फिरते ठेवण्यासाठी गावोगावी प्रवास करावा लागतो, सोबत पालकाने जावे लागते आणि शाळा बुडते.

तेराव्या वर्षानंतर आंतरराष्ट्रीय कुमार स्पर्धांची दारे उघडतात. ज्या वर्षी अठरावे वर्ष पूर्ण होते, त्या वर्षअखेरपर्यंत खेळाडू तेथे खेळू शकतो. या स्पर्धांचे दर्जे आता जे-३०, जे-६०, जे-१००, जे-२००, जे-३०० आणि जे-५०० या नावांनी ओळखले जातात. नावातील आकडा एकेरीच्या विजेत्यास मिळणारे गुण दर्शवितो. सर्वांत वर ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन या चार महास्पर्धांतील कुमार विभाग असून तेथील विजेत्यास १,००० गुण मिळतात. एकेरीतील सर्वोत्तम सहा निकालांचे गुण आणि दुहेरीतील सर्वोत्तम सहा निकालांच्या गुणांचा चौथा हिस्सा मिळून खेळाडूची जागतिक कुमार क्रमवारी ठरते. कुमार स्पर्धांत रोख पारितोषिक नसते, ही गोष्ट पालकांनी आरंभीच ध्यानात घ्यावी. या वयात मिळतात ते गुण. पैसा जातो तो घरचा अथवा पुरस्कर्त्याचा.

ऋतुजा या शिडीवरून चढत गेली. कुमार वयातच तिने जागतिक कुमार क्रमवारीत पहिल्या शंभरात स्थान मिळविले. २०१२ साली, सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, तिने महिलांच्या सांघिक जागतिक स्पर्धेत, म्हणजे तत्कालीन फेड चषकात, भारतीय संघात प्रवेश केला. महाविद्यालयाची पायरीही न चढलेल्या मुलीने देशाच्या संघात बसावे, ही लहानसहान गोष्ट नव्हे. बहुतेकांच्या दृष्टीने आता तिची वाट सरळ होती. प्रत्यक्षात अवघड वळण पुढेच होते.

'कुमार विजेता' या शब्दांचा अर्थ

कुमार गटातील यश ही भावी यशाची हमी असते काय? भारताचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. रामनाथन कृष्णन यांनी १९५४ साली विम्बल्डनचे कुमार विजेतेपद मिळविले. त्यांचे पुत्र रमेश कृष्णन यांनी १९७९ साली विम्बल्डन आणि फ्रेंच अशी दोन्ही कुमार विजेतीपदे मिळविली. लिअँडर पेस यांनी १९९० साली विम्बल्डनमध्ये व १९९१ साली अमेरिकन स्पर्धेत, तर युकी भांबरी याने २००९ साली ऑस्ट्रेलियन स्पर्धेत कुमार एकेरी जिंकली. सानिया मिर्झा २००३ साली विम्बल्डनच्या मुलींच्या दुहेरीत आणि सुमित नागल २०१५ साली मुलांच्या दुहेरीत विजयी ठरले.

हे सर्व खेळाडू पुढे नावारूपाला आले. तरीही प्रौढांच्या एकेरीत त्यांची शिखरे वेगवेगळ्या उंचीवर राहिली. रमेश कृष्णन जागतिक क्रमवारीत २३ व्या, नागल ६८ व्या, पेस ७३ व्या, तर भांबरी ८३ व्या स्थानापर्यंत पोहोचले. पेस यांनी दुहेरीत जगज्जेतेपदे मिळविली आणि १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये एकेरीचे कांस्यपदक भारतास मिळवून दिले. याउलट कुमार वयात असे कोणतेही मोठे विजेतेपद नावावर नसलेला कूर्गचा रोहन बोपण्णा पुण्यात नंदन बाळ यांच्या मार्गदर्शनाखाली घडला आणि २०२४ च्या जानेवारीत, वयाच्या ४३ व्या वर्षी, पुरुष दुहेरीत जगातील पहिल्या क्रमांकाचा खेळाडू झाला. कुमार क्रमवारी ही खेळाडूच्या त्या वेळच्या तयारीची नोंद असते; तो पुढे कोठवर जाईल याचा दाखला तिच्यात शोधू नये.

याचे कारण समजण्यास सोपे आहे. चौदाव्या वर्षी ज्या मुलाची उंची व ताकद लवकर वाढते, तो समवयस्कांवर सहज मात करतो. अठराव्या वर्षापर्यंत इतरही त्याच्या बरोबरीला येतात आणि तेव्हा तंत्र, चिकाटी व निरोगी शरीर यांवर निकाल ठरू लागतो. शिवाय प्रौढ गटात समोर उभा असतो तो पंचवीस-तीस वर्षांचा, पोटासाठी खेळणारा खेळाडू.

फार लवकर वर चढण्यातही धोका असतो. अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाटी १९९० साली, चौदा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, व्यावसायिक झाली आणि त्याच वर्षी फ्रेंच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचली. १९९२ साली तिने ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. परंतु अपेक्षांचे ओझे असह्य होऊन दोनच वर्षांत ती खेळापासून दुरावली. २००१ साली ऑस्ट्रेलियन विजेतेपद मिळवून तिने पुनरागमन केले खरे, पण मधला काळ तिला फार महागात पडला. अशा उदाहरणांतून बोध घेऊन महिला टेनिस संघटनेने १९९५ पासून अल्पवयीन मुलींनी वर्षाकाठी किती व्यावसायिक स्पर्धा खेळाव्यात, यावर मर्यादा घातल्या. कुमारांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांनाही वयानुसार अशा मर्यादा आहेत. वाढीच्या वयात हाडांची टोके कोवळी असतात. खांदा, कोपर, मनगट आणि कंबर यांवर दिवसाकाठी शेकडो वेळा पडणारा ताण त्यांना सोसवत नाही. खेळातून घेतलेली विश्रांती ही सरावाचाच भाग आहे, हे प्रशिक्षकाइतकेच पालकांनीही मानले पाहिजे.

अठराव्या वर्षीचा निर्णय

अठरावे वर्ष संपले, की कुमार स्पर्धांचे छत्र डोक्यावरून जाते. तोवर मिळविलेले स्थान मागे पडते आणि व्यावसायिक क्रमवारीत जवळजवळ तळापासून आरंभ करावा लागतो. व्यावसायिक स्पर्धांच्या तळच्या पायरीस महिलांसाठी डब्ल्यू-१५ व पुरुषांसाठी एम-१५ असे म्हणतात. येथील आकडा गुणांचा नसून पारितोषिकांच्या एकूण रकमेचा असतो. म्हणजे संपूर्ण स्पर्धेसाठी १५,००० डॉलर. ही रक्कम सर्व खेळाडूंत वाटली जाते. विजेत्याच्या हाती दोन हजार डॉलरच्या आसपास रक्कम येते आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्यास सुमारे दीडशे डॉलरवर समाधान मानावे लागते. विमानभाडे, निवास, भोजन व प्रशिक्षकाचे मानधन यांचा हिशेब मांडला, तर या पायरीवरचा बहुसंख्य खेळाडू खिशातून खर्च करूनच खेळत असतो. अशी दोन-चार वर्षे गेल्यावर दुखापत झाली, तर त्याच्या हाती ना क्रमवारी उरते, ना पदवी.

या वळणावर ऋतुजाने घेतलेला निर्णय अभ्यासण्याजोगा आहे. २०१४ साली तिने अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात प्रवेश घेतला आणि २०१७ पर्यंत त्या विद्यापीठाच्या संघातून ती खेळली. देशाच्या संघात स्थान मिळविलेल्या मुलीने व्यावसायिक स्पर्धांची वाट सोडून विद्यापीठात जावे, हे अनेकांना माघार घेण्यासारखे वाटू शकले असते.

परंतु अमेरिकन विद्यापीठांतील टेनिस म्हणजे निव्वळ महाविद्यालयीन विरंगुळा नसतो. जगभरातील कुमार खेळाडू तेथे एकत्र येतात. वरच्या श्रेणीतील महिला संघास त्या काळात आठ पूर्ण शिष्यवृत्त्या देण्याची मुभा होती. प्रशिक्षक, व्यायामशाळा, वैद्यकीय उपचार आणि प्रवास यांची सोय विद्यापीठ करते. दोन विद्यापीठांतील लढतीत एकेरीचे सहा आणि दुहेरीचे तीन सामने होतात. एकेरीच्या प्रत्येक विजयास एक गुण मिळतो. दुहेरीतील तीनपैकी दोन सामने जिंकणाऱ्या संघास एक गुण मिळतो. अशा प्रकारे सात गुणांची ही लढत असते. आपल्या एका सामन्यावर साऱ्या संघाचा निकाल अवलंबून असल्याचा अनुभव खेळाडूस तेथे पुनःपुन्हा येतो. एकट्याने झुंजण्याच्या या खेळात सांघिक जबाबदारीची आणि दुहेरीतील समन्वयाची शिकवण त्यातून मिळते. त्याबरोबरच पदवीचे शिक्षण होते, आणि अठराव्या वर्षी कच्चे असलेले शरीर बाविसाव्या वर्षापर्यंत पक्के होते.

हा मार्ग स्वीकारणारी ऋतुजा एकटी नाही. २०२१ साली विम्बल्डनची कुमार एकेरी जिंकणारा भारतीय वंशाचा अमेरिकन खेळाडू समीर बॅनर्जी यानेही त्यानंतर स्टॅनफर्ड विद्यापीठाची वाट धरली. जगातील सर्वोच्च कुमार विजेतेपद हाती असताना शिक्षणाला जागा ठेवणारा हा निर्णय पुष्कळ काही सांगून जातो.

फळाला लागणारा काळ

शिक्षण आटोपून ऋतुजा व्यावसायिक स्पर्धांकडे वळली. मोठ्या मथळ्यांवाचून, लहान स्पर्धांतून एकेक पायरी चढण्याची ही वर्षे होती. मार्च २०२० मध्ये दुबई येथे फेड चषकाच्या आशिया-ओशनिया गटात तिने भारताच्या बाजूने एकेरीचे सामने खेळले. सानिया मिर्झा, अंकिता रैना आणि इतर सहकाऱ्यांसह या संघाने भारतास प्रथमच जागतिक गटाच्या बाद लढतीसाठी पात्र ठरविले.

चीनमधील हांगझोऊ येथे २०२२ साठी नियोजित असलेली आशियाई क्रीडास्पर्धा वर्षभर लांबणीवर पडून २०२३ साली पार पडली. मिश्र दुहेरीत ऋतुजा व रोहन बोपण्णा यांची जोडी होती. तो ४३ वर्षांचा, ती २७ वर्षांची. ३० सप्टेंबर रोजी झालेल्या अंतिम सामन्यात त्यांची गाठ चायनीज तैपेईच्या जोडीशी पडली. पहिला सेट भारतीय जोडीने २-६ असा गमावला. दुसरा ६-३ असा जिंकला. तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांची निर्णायक फेरी झाली. या फेरीत चुकीला भरपाई नसते. दोन-तीन गुण हातचे गेले, की सामना गेला. भारतीय जोडीने ती १०-४ अशी जिंकली आणि सुवर्णपदक भारताच्या पदरी पडले. यापूर्वी मिश्र दुहेरीचे आशियाई सुवर्ण २००६ साली लिअँडर पेस व सानिया मिर्झा यांनी, आणि २०१४ साली साकेत मायनेनी व सानिया मिर्झा यांनी मिळविले होते.

२०१२ साली भारतीय संघात आलेली मुलगी आणि २०२३ साली सुवर्णपदक घेणारी खेळाडू यांच्यामध्ये अकरा वर्षांचे अंतर आहे. त्यांतील तीन वर्षे विद्यापीठात आणि पुढची कित्येक वर्षे फारसे कुणाचे लक्ष नसलेल्या स्पर्धांत गेली. सोळाव्या वर्षीच्या कौतुकाला भुलून सारे काही त्याच वेळी पणाला लावले असते, तर हे अंतर कापण्याइतकी शिदोरी उरली असती की नाही, याचा विचार प्रत्येक पालकाने करावा.

सावरगावच्या पालकांसाठी

आता पुन्हा जाम नदीच्या काठाकडे वळू. सावरगाव, पांढुर्णा अथवा सौंसर येथील एखाद्या मुलीस टेनिसची ओढ लागली, तर तिने काय करावे?

पहिली गोष्ट कागदाची. राष्ट्रीय संघटनेकडे नोंदणी करताना जन्मदाखला लागतो आणि वयोगट त्यावरूनच ठरतो. म्हणून जन्माची नोंद वेळेवर आणि अचूक असावी. दुसरी गोष्ट अशी, की राष्ट्रीय क्रमवारीच्या स्पर्धा देशात कोठेही खेळता येतात. राज्याची सीमा तेथे आडवी येत नाही. पांढुर्ण्याच्या मुलीला नागपुरातील राष्ट्रीय क्रमवारीची स्पर्धा भोपाळपेक्षा जवळची आहे. तिसरी गोष्ट शाळेची. शालेय क्रीडास्पर्धांत टेनिसचा समावेश असून चौदा, सतरा व एकोणीस वर्षांखालील गटांत भाग घेता येतो. गावात मैदान नसले, तरी मुख्याध्यापकांनी वेळीच नाव पाठविले, तर हे दार उघडते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मुलीच्या हातातील रॅकेटसाठी तिच्या हातातील पुस्तक काढून घेऊ नये. टेनिसमध्ये पोट भरण्याइतके वर जाणारे थोडे असतात; परंतु खेळाबरोबर शिकलेली मुलगी कोणत्याही पायरीवर थांबली, तरी रिकाम्या हाताने घरी परतत नाही. विद्यापीठाची शिष्यवृत्ती, प्रशिक्षकाचा व्यवसाय, क्रीडाशिक्षकाची जागा अथवा खेळाडूंसाठी राखीव असलेली शासकीय नोकरी यांपैकी एखादे दार तिच्यासाठी उघडे असते. महाराष्ट्रात शासकीय सेवेत प्रावीण्यप्राप्त खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत.

संत्र्याचे कलम लावणारा शेतकरी पहिल्याच वर्षी फळाची अपेक्षा धरीत नाही. झाड कोवळे असताना बहर आला, तर तो तोडून टाकतो, कारण झाड आधी वाढले पाहिजे हे त्याला ठाऊक असते. पांढुर्णा-सौंसरच्या बागाइतदारास हे समजावून सांगण्याची गरज नाही. तेवढाच धीर त्याने आपल्या मुलीच्या खेळाबाबत दाखविला, म्हणजे झाले.